फिजीबांचे युकुलेले

फिजीबांच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द छापण्याजोगा नव्हता. मी खोली भाड्याने मिळते का ते बघायला गेलो होतो. पांढरी साडी, डोक्यावर पदर, मोकळे कपाळ, हातात जपमाळ अशी एक सत्तरीची बाई ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसली होती. तिने दूधवाल्याला दुधात पाणी किती असे सरळ विचारले आणि प्रश्नाच्या शेवटी त्याच्या आईचा उल्लेख केला. दूधवाला हसला, माप पुन्हा भरून ओतले आणि सायकलवर बसून निघून गेला. मी जागच्या जागी उभा राहिलो. सुरती माणूस शिवी मायेने देतो हे मी ऐकून होतो. पण एक विधवा आजी माळेचा मणी न सोडता ती देऊ शकते, हे मला कुणी सांगितले नव्हते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "काय करतोस?" मी म्हटले, मराठी पेपरचा बातमीदार आहे. "म्हणजे छापावाळा. खोटं लिहितोस की खरं?" मी म्हटले, खरे लिहितो. "मग भाडं कुठून देणार?" खोली मला मिळाली. नाव मात्र तेव्हापासून छापावाळा हेच राहिले.

गल्ली त्यांना फिजीबा म्हणे; बा म्हणजे गुजरातीत आई. माहेर-सासर दोन्ही बारडोलीच्या बाजूचे. लग्न होऊन त्या बोटीने फिजी बेटांवर गेल्या. नवऱ्याचे तिथे किराणा दुकान होते. एकुलता एक मुलगा जयंती, तो सोळा वर्षांचा झाल्यावर त्याला शिकायला बोटीने इकडे मामाकडे पाठवले. तो इथेच राहिला, इथेच लग्न केले आणि सुरतेच्या पांडेसऱ्यात त्याने लूमचा कारखाना काढला. पुढे नवरा वारला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिकडे सैन्याने सत्ता घेतली आणि हिंदी लोकांची दुकाने फुटू लागली. फिजीबांचेही दुकान फुटले. त्या एक पेटी आणि एक वाद्य घेऊन मुलाच्या घरी आल्या. उधन्याच्या बाजूला जयंतीभाईंचे घर होते. खाली ते कुटुंब, वर मी.

ते वाद्य म्हणजे दुसरा धक्का. मी राहायला आलो त्याच संध्याकाळी देवासमोर दिवा लागला, घंटा वाजली आणि आरतीऐवजी खालून तारांचा एक हसरा, उड्या मारणारा आवाज आला. जिन्यावरून वाकून पाहिले. फिजीबांच्या छातीशी एक बुटके, चार तारांचे, गिटारच्या पिल्लासारखे वाद्य होते. त्याचे नाव युकुलेले, हे त्यांनीच सांगितले. तारा नायलॉनच्या. बोटे तारांवरून अशी फिरत होती, जणू त्या तांदूळ पाखडताहेत. गाण्याची भाषा ना गुजराती ना हिंदी. समोरच्या घरातल्या बायका खिडकीशी उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यांवर काय होते ते मला नीट आठवते, कारण माझ्याही चेहऱ्यावर तेच असणार. विधवा बाईने भजन म्हणावे, टाळ वाजवावेत, हे काय? फिजीबांना विचारायची हिंमत एकट्या त्यांच्या नातीने, हेतलने केली होती. तिला उत्तर मिळाले होते, "देव रोज तेच ते ऐकून कंटाळतो गं. त्यालाही जरा मजा पाहिजे."

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि शहर पाहता पाहता रिकामे होऊ लागले. मी दिवसभर स्टेशन आणि बसस्टँडवर असे. जयंतीभाईंनी घरच्यांना गावी हलवले. फिजीबा हलल्या नाहीत. "एकदा पळाले, छापावाळा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा पाय उठत नाहीत." त्या दिवसांत मी पाहिलेल्या अनेक दृश्यांपैकी एक आमच्याच दारातले आहे. शेजारचे लूमवर काम करणारे खानदेशी कुटुंब टेम्पोत सामान भरत होते. भांडी, गाद्या, तोंडाला फडकी बांधलेली मुले. फिजीबा युकुलेले घेऊन फाटकाशी आल्या आणि वाजवू लागल्या. टेम्पोतला बाप्या भडकला. "ओ बा, आम्ही जीव वाचाडाले पळी ऱ्हायनूत, अन् तुम्ही वाजाडी ऱ्हायन्यात?"  टेम्पो सुरू झाला, गल्लीच्या टोकाला गेला, वळला. तोवर त्या वाजवत राहिल्या.  

त्यांनी आपणहून सांगितले. "तिकडं कुणी बोटीनं निघालं की सगळे धक्क्यावर जमायचे. निरोपाचं गाणं असतं. शेजारच्या फिजीयन बाईनं मला ते शिकवलं, हेही तिनंच दिलं. नियम एकच. बोट दिसेनाशी होईपर्यंत वाजवणाऱ्यानं थांबायचं नाही. मध्येच थांबलं तर जाणाऱ्याला वाटतं, आत्ताच विसरले."

"आणि तुम्ही निघालात तेव्हा?"

"तेव्हा सगळ्यांची दारं बंद होती. भ्यालेले होते बिचारे. विमानतळावर एक शिपाई होता. त्यानं पेटी उघडायला लावली, सगळं उपसलं आणि परत भरूनही दिलं नाही." मग त्या शिपायासाठी एक शब्द आला. तो सुरतेत नेहमी ऐकू येतो. तो उच्चारताना कुणाचा आवाज कापलेला मात्र मी त्यापूर्वी ऐकला नव्हता.

प्लेग ओसरला, शहर परत भरले, आणि पुढच्या वर्षी हेतलचे लग्न ठरले. मुलगा न्यूझीलंडला स्थायिक. लग्न गावी, बारडोलीजवळ, आणि तिथूनच चार दिवसांत ती परदेशी जाणार. घरात आनंद होता. फिजीबांनी जेवताना जाहीर केले, की पाठवणीच्या वेळी त्या निरोपाचे गाणे वाजवतील. "पोरगी सातासमुद्रापार चालली आहे. मी तिला पुन्हा बघणार नाही. निदान नीट पोचवते तरी."

मी त्या दिवशी त्यांच्याकडेच जेवत होतो. जयंतीभाई हे अत्यंत मऊ बोलणारे गृहस्थ. आईच्या शिव्यांकडे ते पंख्याच्या आवाजासारखे दुर्लक्ष करीत. त्यांनी ताटातून मान वर न करता म्हटले, "बा, ते गाणं नको."

"का? विधवा आहे म्हणून?"

"मी तसं म्हटलं नाही."

"सासरची माणसं हसतील म्हणून?"

"बा, ते गाणं नको. दुसरं काहीही कर."

फिजीबांनी मुलाला तोंडावर जे ऐकवले ते ऐकून हेतलच्या हातातली वाटी खाली पडली. जयंतीभाई उठले, हात धुतले आणि कारखान्यात निघून गेले. प्रतिष्ठा जपणारा, लोकांना भिणारा मुलगा, असाच अर्थ आम्ही सगळ्यांनी लावला. दुसरा काही अर्थ असेल असे कुणाच्या मनातही आले नाही.

याच सुमारास युकुलेलेच्या चाव्या दगा देऊ लागल्या. चाव्या म्हणजे तारा ताणून सुरात आणायच्या खुंट्या. या वाद्याच्या खुंट्यांना दाते नव्हते. सतारीच्या खुंटीसारख्या त्या लाकडात नुसत्या घट्ट बसून तार धरून ठेवत; फक्त या प्लास्टिकच्या होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एक बारीक स्क्रू होता. इतकी वर्षे फिजीबा तो स्क्रू चाकूच्या टोकाने आवळत आल्या होत्या. आता स्क्रूची खाच झिजून सपाट झाली होती. तार सुरात लावावी, दोन कडवी वाजवावीत, की खुंटी आपोआप मागे फिरे आणि सूर खाली घसरे. घरी हे चालले असते. पण गावचा रस्ता उसाच्या शेतांमधून बराच लांब सरळ जातो. गाडी खूप वेळ दिसत राहणार. मध्ये थांबून तार लावायची म्हणजे नियम मोडायचा. फिजीबांच्या झोपेचे खोबरे झाले.

मी त्यांना जुन्या शहरात, भागळला, वाद्यांच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने युकुलेले उलटसुलट करून पाहिले. "बा, हे गिटारचं बच्चं आहे. याच्या चाव्या सुरतेत नाहीत. मुंबईला लिहून बघतो. नातवंडाचं आहे का?" दुकानात आणखी गिऱ्हाईके होती. फिजीबांनी दुकानदाराला जे उत्तर दिले त्यानंतर त्यांतली दोन काही न घेता बाहेर पडली. मुंबईहून काही आले नाही. घरी जयंतीभाईंना कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बिघडलं तर बिघडू दे." फिजीबा त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मग भिकामास्टर आले. लूम दुरुस्त करणाऱ्याला सुरतेत मास्टर म्हणतात. हे गृहस्थ खानदेशातले, नवागामला राहणारे, जयंतीभाईंच्याच कारखान्यात. मोठ्या आवाजाचे, मोठ्या मिशांचे आणि त्याहून मोठ्या आत्मविश्वासाचे. आपल्या हाताखालून न सुधारता गेलेले यंत्र सुरतेत नाही, असे ते स्वतःच सांगत. शर्टाच्या खिशात तेलाची कुपी कायम. लूम कुरकुरली की आधी तेल, मग विचार. ही त्यांचीच नव्हे, तिथल्या सगळ्याच मास्टरांची सवय. फिजीबांनी त्यांना मुलाच्या नकळत बोलावून घेतले होते.

भिकामास्टरांनी युकुलेले मांडीवर घेतले. एक खुंटी फिरवली. ती करकरली. त्यांचा चेहरा उजळला. "काहीच नही बा, हाई तेल मांगी ऱ्हायनं." आम्ही तोंड उघडण्याच्या आत कुपी निघाली आणि चारही खुंट्यांच्या मुळाशी तेल गेले. त्यांनी खुंट्या पुढेमागे फिरवल्या, तेल नीट मुरवले. "देखा, कशी लोण्यासारखी फिरस."

फिरत होतीच. त्यांनी हात काढला आणि चारही खुंट्या एकदम मागे फिरल्या. चारही तारा सैल पडून वाद्याच्या अंगावर लोळू लागल्या. लूममध्ये घर्षण म्हणजे दुखणे. तिथे माणसाचे निम्मे आयुष्य ते घालवण्यात जाते. इथे सगळा सूर त्या घर्षणावरच उभा होता, आणि ते भिकामास्टरांनी तेल घालून काढून टाकले होते.

फिजीबा बघत राहिल्या. मी शिव्यांची वाट पाहिली. एकही आली नाही. त्यांनी हात पुढे केला, लोंबणारी एक तार बोटावर घेतली आणि सोडून दिली.  भिकामास्टरांचा आवाज एकदम खाली आला. "बा, काहीतरी बोला ना. शिव्या द्या. दोन थोबाडात मारा मन्हा." फिजीबा उठून आत गेल्या आणि दार लावून घेतले.

भिकामास्टरांनी पुढचे दोन दिवस ते वाद्य पुसण्यात घालवले. रॉकेल लावले, उन्हात ठेवले, खडूची पूड भरली, कारण सतारवाले खुंटीला खडू लावतात हे त्यांनी कुणाला तरी विचारून घेतले होते. पण लाकूड तेल प्यायले होते. खुंट्या धरेनात. तिसऱ्या दिवशी ते नवागामहून एक फुटके मँडोलिन घेऊन आले. त्यांच्या चुलतभावाच्या लग्नाच्या बँडमधले. वरातीत गाडीवरून पडून त्याचे पोट फुटले होते. मँडोलिनच्या चाव्या दातेरी असतात. एकेका पितळी पट्टीवर चार चाव्या, प्रत्येकीत एक स्क्रूसारखी कांडी आणि तिला अडकलेले छोटे चाक. कांडी फिरवली तर चाक फिरते, पण चाक ओढून कांडी फिरत नाही. म्हणजे तार कितीही ओढो, चावी मागे येत नाही. भिकामास्टरांनी एक पट्टी मधोमध कापून तिचे दोन-दोन चाव्यांचे तुकडे केले, युकुलेलेची भोके गोल कानशीने वाढवली आणि एक तुकडा डाव्या, एक उजव्या बाजूला बसवला. हे काम करायला त्यांना वस्तू घट्ट धरून ठेवणारा शिकंजा लागत होता, आणि तो कारखान्यातच होता. फिजीबा रिक्षा करून तिथे गेल्या आणि शेजारी स्टुलावर बसून राहिल्या. "हळू रे मेल्या, ते लाकूड आहे. तुझी लूम नाही." शब्द परत आले होते, आणि भिकामास्टरांचा जीव भांड्यात पडल्याचे स्पष्ट दिसत होते.

तेवढ्यात जयंतीभाई आत आले. लूमच्या खडखडाटात कुणाला त्यांची चाहूल लागली नाही. मालकाच्या मनाविरुद्ध, मालकाच्याच शिकंज्यावर चाललेले काम. भिकामास्टरांची कानस हवेत राहिली. जयंतीभाईंनी ते वाद्य उचलले, पितळी पट्टीवरून अंगठा फिरवला.

"टिकेल?"

"टिकी, शेठ."

"मध्येच तार उतरणार नाही?"

"नही उतरनार."

त्यांनी वाद्य परत ठेवले आणि ते निघून गेले. फिजीबा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता घरी तमाशा करील बघ." त्यांनी तमाशा केला नाही. 

तयार झालेले युकुलेले पाहून फिजीबांनी कपाळाला हात लावला. "हे काय? कपाटाला बिजागऱ्या लावल्यास?" पितळेने डोके जड झाल्यामुळे ते हातातून सारखे खाली कलत होते. पण त्यांनी तारा लावल्या, अथपासून इतीपर्यंत गाणे वाजवले, पुन्हा वाजवले, आणि सूर जागचा हलला नाही. भिकामास्टरांना त्यांनी जवळ बोलावून गालावर हात फिरवला आणि एक कडकडीत शिवी दिली. मास्टर लाजले.

लग्नाला मी गेलो होतो. पाठवणी दुपारी होती. गाडीच्या चाकाखाली नारळ ठेवला गेला, बायका रडू लागल्या, बँडने काहीतरी करुण वाजवायला घेतले. त्या गर्दीतून पांढऱ्या साडीतल्या फिजीबा युकुलेले घेऊन पुढे आल्या आणि गाडीच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. मुलाकडची एक वयस्क बाई मोठ्याने म्हणाली, "अहो, यांना मागे घ्या ना. अशा वेळी यांनी पुढे यायचं असतं का?" बँड थांबला. फिजीबा बाजूला सरकल्या, पण मागे गेल्या नाहीत. चाकाखाली नारळ फुटला, गाडी हलली आणि त्यांनी सुरुवात केली.

हेतलला बा त्यानंतर कधी दिसल्या नाहीत. पुढच्या हिवाळ्यात, ती पहिल्यांदा माहेरी यायच्या आधीच, त्या गेल्या. त्या दुपारी मात्र तिने काच खाली केली, अर्धे अंग बाहेर काढले आणि मागे बघत राहिली. गाडी फाटकातून उसाच्या रस्त्याला लागली. मांडवातली शेदोनशे माणसे फिजीबांकडे बघत होती. कुणी संतापले होते, कुणाला काय करावे ते सुचत नव्हते. एवढ्यात जयंतीभाई गर्दीतून चालत आले. लोकांनी वाट दिली. ते आईच्या हातातून वाद्य काढून घेणार, असे सगळ्यांना वाटले. मलाही वाटले.

ते आईच्या शेजारी उभे राहिले आणि गाऊ लागले. त्यांच्या घरात इतकी वर्षे राहून मी त्यांना गुणगुणतानाही ऐकले नव्हते. गात होते ते त्या बेटांच्या भाषेत, एकही शब्द न अडखळता. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसत नव्हते. त्यांच्या बायकोने शेजारणीचा हात घट्ट धरला. नवऱ्याला ही भाषा येते हेच तिला ठाऊक नव्हते.

फिजीबांनी चमकून मुलाकडे पाहिले. त्यांचा हात तारांवरच थबकला.

"थांबलीस का, बा?" जयंतीभाई म्हणाले. "मला बोटीनं पाठवलंस तेव्हा थांबली नव्हतीस. मी शेवटपर्यंत ऐकत होतो."

गाडी अजून दिसत होती. फिजीबांनी युकुलेलेचे जड डोके खांद्याशी टेकवले आणि पुढचे कडवे सुरू केले.